मुंगीच्या हाडातली रेघ

१० जानेवारी

मुंगे,

हे पाकीट फाडण्याआधी आत नीट बघ. आणखी एक छापील कागद आहे, तो भांडणाचा नाही. फोन केला की तू कापतेस. पत्र निदान फाडावं तरी लागतं, आणि फाडता फाडता माणूस एखादी ओळ वाचतोच, एवढा माझा तुझ्यावर भरवसा आहे.

खुशाली अशी, की माझा डावा हात प्लास्टरमध्ये आहे. लिहितेय उजव्याने, त्यामुळे या अक्षराचं खापर प्लास्टरवर फोडता येत नाही.

आता हसायला तयार हो. तीस वर्षं मी पोहण्याच्या तलावाच्या काठावर उभी राहून "पळू नका, घसराल" असं ओरडत आले. निवृत्त झाले तरी सकाळचा बायकांचा वर्ग सोडला नाही, हे तुला माहीत आहे. गेल्या महिन्यात त्यातल्या एक बाई ओल्या फरशीवरून पळाल्या. त्यांना दटावायला म्हणून मी पळाले. त्या नाही पडल्या.

आणि पडले म्हणजे तरी काय, नुसता हात टेकला. तेवढ्यावर मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, एवढ्याने मोडायला नको होतं, हाडं तपासून घेऊ. मग एका टेबलावर सपाट झोपवलं आणि एक यंत्र माझ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरलं, इस्त्री फिरवावी तसं. निकाल काय, तर माझी हाडं माझ्या वयाच्या मानाने फार विरळ झालीत. मी म्हटलं, तुमचं यंत्र बिघडलंय. मी रोज तासभर पोहते, हा दंड बघा. यंत्र चालवणारी मुलगी म्हणाली, "दंड छान आहे, आजी." आजी म्हणाली मला. मनगट दुखलं नाही इतकं ते दुखलं.

तिथून मला मागच्या इमारतीत पाठवलं. तिथे हाडांवर संशोधन करणाऱ्या एक बाई आहेत. किडकिडीत, भरभर बोलणाऱ्या, चष्मा डोक्यावर ठेवून तो टेबलभर शोधणाऱ्या. मी त्यांना मनातल्या मनात हाडांच्या बाई म्हणते. त्यांनी माझ्या पोहण्याचं कौतुक केलं आणि मग शांतपणे सुरुंग लावला. म्हणाल्या, पोहण्याने हृदय चांगलं राहतं, स्नायू चांगले राहतात, पण पाणी तुम्हाला उचलून धरतं ना, मग हाडांना वाटतं आपल्याला कुणी कामच सांगत नाही. काम नाही तर भरती नाही. हाड वजनाने घट्ट होतं.

मग विचारलं, घरात कोण कोण? मी म्हटलं, मी एकटी. एक जुळी बहीण आहे, लांब राहते, बेकरी चालवते. चाळीस वर्षं मैद्याची पोती उचलतेय.

बाईंचं लिहिणंच थांबलं. "अगदी एकसारख्या?" म्हणाल्या.

"दिसायला एकसारख्या," मी म्हटलं. "स्वभावाने मी बरी."

झालं असं आहे, की त्यांना जुळ्याच हव्या आहेत. जन्म एक, रक्त एक, आणि आयुष्यभराचं काम वेगळं, अशा जोड्या. म्हातारपणी हाड का झिजतं, कुणाचं जास्त, कुणाचं कमी, आणि झिजणाऱ्या हाडात नवं हाड अजून बनतं का, हे त्यांना बघायचंय. एकट्या माझा त्यांना उपयोग नाही. तू आलीस तर मी आहे. मी तुझं नाव देऊन टाकलंय. छापील कागदात सगळं आहे.

बाकी आपलं काय, ते आपलं आपल्याला ठाऊक आहे. भावोजी गेले तेव्हा आपण ठरवलं की आता दोघींनी एकत्र राहायचं. ते ठरवायला आपल्याला एक चहा पुरला. कुणी कुणाकडे जायचं, हे ठरवायला तीन वर्षं पुरली नाहीत. तू म्हणालीस तलाव सोड, मी म्हटलं बेकरी वीक, आणि दोघी तोंड फिरवून बसलो. तो विषय मी आज काढत नाहीये. मी फक्त हाडांबद्दल लिहितेय.

बेडकी


२ फेब्रुवारी

मुंगे,

टोस्टचा डबा मिळाला. चिठ्ठीही मिळाली. "वेळ नाही. टोस्ट दुधात बुडवून खा. दुधात कॅल्शियम असतं." तीन वर्षांनी तुझं अक्षर बघितलं आणि त्यात काय, तर आहारशास्त्र. पण टोस्ट आठवडाभरही टिकले नाहीत, हे कबूल. कडा थोड्या जास्त भाजल्या होत्या. मुद्दाम तशा पाठवल्यास, मला तशा आवडतात म्हणून, हे मला कळत नाही असं समजू नकोस.

वेळ नाही म्हणतेस, तर मी तुझा वेळ वाचवते आणि सगळं सोपं करून सांगते. काल बाईंनी मला तास घेतल्यासारखं समजावलं.

आपल्याला वाटतं हाड म्हणजे एकदा बनलं की बनलं. तसं नसतं. त्याच्यात आयुष्यभर डागडुजी चालू असते. एक टोळी खणणाऱ्यांची आणि एक भरणाऱ्यांची. खणणारे जुनं हाड कुरतडून खड्डा करतात, मग भरणारे येऊन नवं भरतात. तरुणपणी जेवढं खणलं तेवढं भरलं जातं. वय झालं, की खणणारे आपले कामसू ते कामसूच राहतात आणि भरणारे अंग चोरतात. खड्डा पुरता भरायच्या आधीच निघून जातात. आमच्या गल्लीचा रस्ता आठव.

आणि भरतात तेही एकदम दगड नाही भरत. आधी मऊ जाळी अंथरतात, मग हळूहळू तिच्यात कॅल्शियमचे कण बसतात आणि ती टणक होते. मी म्हटलं, म्हणजे आधी कणीक मळायची आणि मग भट्टीत घालायची. बाई खूश झाल्या. "कुणी सांगितलं हे तुम्हाला?" मी म्हटलं, माझी बहीण रोज पहाटे हेच करते.

आता गंमत ऐक. एक जुनी साधी गोळी आहे, तापावर देतात तीच. तिला एक खोड आहे. पोटात गेली की त्या दिवसांत शरीरात जिथे जिथे जाळी टणक होत असेल, तिथे जाऊन ती चिकटते आणि तिथेच राहते. वरून पुढचं हाड बनत जातं आणि गोळी आत गाडली जाते. म्हणून तीन दिवस गोळ्या घ्यायच्या, मग बारा दिवस सुट्टी, मग परत तीन दिवस. त्यानंतर कमरेच्या हाडातून पेन्सिलीच्या जाडीचा एक तुकडा काढतात. जागा बधिर करून, घाबरू नकोस. त्याची अगदी पातळ चकती कापून जांभळ्या दिव्याखाली धरली, की गोळी पिवळी चमकते. दोन वेळा गोळी घेतली, तर दोन पिवळ्या रेघा. दोन रेघांच्या मधे जेवढं अंतर, तेवढं हाड त्या सुट्टीत तयार झालं. आणि रेघ दिसलीच नाही, तर समजायचं भरणाऱ्यांनी काखा वर केल्यात.

मला माझ्या रेघा बघायच्या आहेत, मुंगे. मला भीती वाटते की नसतील. आणि ते बघताना शेजारी तू हवीस, म्हणजे नसल्याच तर मला चिडवायला कुणीतरी असेल. नुसती कीव करणारी माणसं मला चालत नाहीत.

गोळ्या, तपासणी सगळं तुझ्या गावातल्या इस्पितळात होईल, बाईंचं त्यांच्याशी बोलणं झालंय. नंतर एकदाच इथे यायचं. फक्त गोळ्यांबरोबर दूध घ्यायचं नाही, दुधाने गोळी वाया जाते. तेव्हा त्या दिवसांत तुझं आहारशास्त्र गुंडाळून ठेव.

महिनाअखेरपर्यंत कळव.

बेडकी


२५ फेब्रुवारी

मुंगे,

तुझं उत्तर नाही. टोस्टसुद्धा नाहीत.

तीन आठवडे मी रोज खाली जाऊन पत्रपेटी उघडतेय. शेजारच्या काकांना वाटायला लागलंय की माझं या वयात काहीतरी जमलंय. त्यांनी परवा फार अदबीने विचारलं, "आलं का?" मी म्हटलं, यायचं नाही, ती माझ्याच मातीची आहे.

खरं म्हणजे मला ठाऊकच होतं. लहानपणी तू एकदा रुसून माळ्यावर बसलीस, आणि खाली सगळे जेवून झोपले तरी उतरली नाहीस. शेवटी आई ताट घेऊन वर चढली. आता माळा चढायला आई नाही आणि मी चढणार नाही, माझी हाडं विरळ आहेत. तुला वाटत असेल की हा सगळा माझा कावा आहे, हाडांचं निमित्त काढून तुला इथे ओढायचं. वाटू दे. आपल्यात वाकायची वेळ आली की तू मोडून पडशील पण वाकणार नाहीस.

म्हणून आज सकाळी मी हाडांच्या बाईंकडे जाऊन स्पष्ट सांगून टाकलं. म्हटलं, दुसरी कुठली तरी जोडी शोधा, माझी बहीण काही यायची नाही. तुमच्या माणसांना तिच्या इस्पितळात कळवायला सांगा, उगाच तिच्या नावाने गोळ्या अडकून पडायला नकोत. बाई काहीतरी बोलणार होत्या, मी बोलूच दिलं नाही. तू ओळखतेस मला.

तेव्हा तू सुटलीस. भाज पाव.

बेडकी


३० मार्च

मुंगे,

आज आपला वाढदिवस. आपण सत्तर वर्षांच्या झालो. तू थोडी उशिरा झालीस, पण ते आता सोडून देऊ.

प्लास्टर निघालंय. आतला हात इतका बारीक झालाय की तो मी दुसऱ्याच कुणाकडून उसना आणल्यासारखा दिसतो. आज सकाळी वर्गातल्या बायकांनी तलावाच्या काठावर केक कापला. सगळ्या ओल्या, टोप्या घातलेल्या, आणि थंडीने कुडकुडत गाणं म्हणताहेत. मी खूप हसले. केक मात्र असा होता, की वरचं क्रीम खाल्लं की आत नुसता स्पंज, तोही कालचा. मी पहिला घास घेतला आणि मान वळवून म्हटलं, "बघितलंस? अंडं नीट फेटलेलंच नाही."

शेजारी तू नव्हतीस. शेजारी एक बाई होत्या, त्या म्हणाल्या, "छान आहे ना?"

मुंगे, मला कंटाळा आलाय. हाडांचा नाही, या रुसव्याचा. वाईट केक खाल्ला तर तो किती वाईट होता, हे सांगायला मला तू लागतेस. तुझ्याशिवाय मला नीट नावंसुद्धा ठेवता येत नाहीत. मला तुझी आठवण येते, रोज येते, आणि रागात असताना सगळ्यात जास्त येते. हे मी एरवी तोंडाने म्हटलं नसतं, म्हणून लिहून ठेवलं. आता फाड हवं तर.

अभ्यासासाठी नको येऊस. नुसती ये. चार दिवस ये, माझ्या घरातल्या प्रत्येक वस्तूला नाव ठेव आणि जा.

अभ्यासाचं म्हणशील, तर एक चमत्कारिक गोष्ट आहे. बाईंनी आपली जागा अजून कुणाला दिलेली नाही. मी विचारलं, का? तर म्हणतात, "असू दे." मी म्हटलं, अहो, ती नाही म्हणालीये. तर चष्मा डोक्यावर सरकवून हसतात. "असू दे हो," म्हणतात. संशोधक माणसं अशीच असावीत, एखादी गोष्ट एकदा मनात घेतली की सोडत नाहीत. तुला आवडतील त्या.

वाढदिवसाच्या शुभेच्छा. आपल्या दोघींना.

बेडकी


१२ मे

मुंगे,

पोचलीस का? कंबर कशी आहे? माझी बसताना किंचित ठणकते. मी तर सगळ्यांना पट्टी दाखवत हिंडते आहे. काल वर्गात पाण्याबाहेर बसून शिकवलं, पट्टी भिजवायची नाही म्हणून. बायका म्हणाल्या, तुम्ही कोरड्या असलात की जास्त ओरडता.

एप्रिलमध्ये बाईंनी "असू दे हो" म्हणत मलाही गोळ्या घ्यायला लावल्याच होत्या. मग तुझं दोन ओळींचं कार्ड आलं, तेव्हा मी ते उलटंसुलटं करून चारदा वाचलं. "गोळ्या घेतल्या. सोमवारच्या बसने येते. घ्यायला येऊ नकोस." मी अर्थातच आले. आणि तू उतरल्या उतरल्या पहिलं वाक्य काय बोललीस, तर "किती वाळलीस गं." मी म्हटलं, "तू नाही." मग आपण दोघी तिथे स्टँडच्या मधोमध उभ्या राहून हसत सुटलो आणि मागच्या माणसाला त्याची बॅग उतरवता येईना. तीन वर्षं काय काय बोलायचं ठरवून ठेवलं होतं, त्यातलं काही आठवलंच नाही. तुझ्या केसांना भाजलेल्या पावाचा वास येत होता. तो मी पार विसरले होते.

इस्पितळातलं तुला सगळं माहीत नाही, तू अर्धा वेळ घोरत होतीस. माझा तुकडा काढून झाल्यावर, तुझा काढायच्या आधी, आपल्याला शेजारशेजारच्या खाटांवर झोपवलं ना, त्यानंतर पाळी बदलली. नवी परिचारिका आली, तिने कागद बघितला, माझ्याकडे बघितलं, तुझ्याकडे बघितलं आणि परत कागद बघितला. मग मला म्हणाली, "चला, आता तुमचा तुकडा काढायचाय." मी म्हटलं, माझा काढला. ती म्हणाली, तो त्यांचा काढला. मी म्हटलं, बाई गं, पट्टी बघ. तरी तिचा विश्वास बसेना, म्हणून तिने तुझ्या दंडाला हात लावून बघितला, माझ्या दंडाला लावून बघितला आणि म्हणाली, "या पोती उचलणाऱ्या." तेव्हा कुठे माझी सुटका झाली. नाहीतर एका अंगातून दोन तुकडे गेले असते आणि बाईंना वाटलं असतं, पोहण्याचा आणि पाव भाजण्याचा परिणाम अगदी सारखाच.

तुझा तुकडा काढणारे डॉक्टर काय म्हणाले, तेही ऐक. घामाघूम होऊन बाहेर आले होते. म्हणाले, "हात भरून आला. या बाईंचं हाड आहे की उंबरठा?" मी तिथल्या तिथे सांगितलं, माझी बहीण आहे ती. अभिमान वाटला, काय करू.

तू माझं स्वयंपाकघर उलथंपालथं करून गेलीस. चमचे कुठे आहेत ते कळव. साखर सापडली.

एका गोष्टीवर आपण दोघी चारही दिवस बोललो नाही. तूही ती टाळत होतीस, मीही. बसमध्ये चढताना तू पायरीवर थांबलीस आणि मला वाटलं, आता काढते विषय. तू म्हणालीस, "पत्रपेटीची बिजागरी तेल मागतेय." आणि गेलीस. बस वळेपर्यंत मी तिथेच उभी होते. मग घरी येऊन बिजागरीला तेल घातलं.

तुकडे आता प्लॅस्टिकसारख्या कशात तरी घट्ट बसवून ठेवलेत. बाई म्हणतात, हाड ॲसिडमध्ये मऊ करून कापणं सोपं, पण मग कॅल्शियम जातं आणि त्याबरोबर आपल्या रेघाही जातात. म्हणून कडक आहे तसंच कापायचं, सावकाश. दोनेक महिने लागतील. माझा जीव टांगणीला लागलाय. असतील ना गं माझ्या रेघा?

बेडकी


२० जुलै

मुंगे,

माझ्या मुंगे,

आधी माझं सांगते, मग तुझ्याकडे येते. तुझ्याकडे मी सावकाश येणार आहे, तेव्हा हात धुऊन, पीठ झटकून नीट बस.

आज बाईंनी बोलावलं. त्यांची खोली म्हणजे काळोखी कोठडीच, खिडकीला काळा पडदा, मधे सूक्ष्मदर्शक आणि दोन स्टुलं. त्या म्हणाल्या, "तुमचं आधी बघू. डोळा लावा आणि घाई करू नका." मी डोळा लावला. आधी नुसता अंधार, मग निळसर हिरवं काहीतरी जाळीदार दिसायला लागलं. ते माझं हाड. बारीक बारीक खांब, मधे मोठमोठ्या पोकळ्या. बघवेना. खांब इतके हडकुळे की मला त्यांचीच दया आली. मी म्हटलं, "बाई, इथे काही नाही."

"डावीकडे सरका," त्या म्हणाल्या. त्यांनीच चकती किंचित हलवली.

आणि मुंगे, तिथे दोन पिवळ्या रेघा होत्या. एकीशेजारी एक. बारीक, थोड्या वाकड्या, पण चमकत होत्या. मधे एवढीशी निळसर फट. ती फट म्हणजे मी बारा दिवसांत तयार केलेलं हाड. मी आंघोळ करत होते, भांडत होते, तुझ्या पत्राची वाट बघत होते, आणि आत कुणीतरी न सांगता भरत बसलं होतं. सत्तराव्या वर्षी. मी डोळा काढला तर पापण्या ओल्या. बाई म्हणाल्या, भिंगाला डाग पडेल, पुसा. त्यांचेही डोळे काही कोरडे नव्हते.

त्या म्हणाल्या, भरणारे आहेत, पण थोडे आहेत. त्यांना कामाला लावायचं. आठवड्यातून एकदा एक गोळी आहे, ती उपाशीपोटी घ्यायची आणि मग अर्धा तास ताठ बसायचं, आडवं व्हायचं नाही. मला अर्धा तास गप्प बसवणारी गोळी निघाली, हे तुला आवडेल. आणि मुख्य औषध म्हणजे वजन. पाण्याबाहेर यायचं, चालायचं, उचलायचं, बेताबेताने वाढवत न्यायचं.

मग तुझी चकती. बाईंनी तुला फोन करून विचारलं होतं म्हणे, बहिणीला दाखवू का. तू म्हणालीस, "दाखवा, पण जास्त काही सांगत बसू नका." तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

तुझं हाड बघून मी शिटी मारणार होते. काय खांब आहेत. जाड, एकमेकांत गुंतलेले, पोकळ्या छोट्याशा. चाळीस वर्षांच्या पोत्यांनी उभं केलेलं घर. आणि त्यात दोन रेघा, माझ्यापेक्षा ठसठशीत, मधलं अंतरही जास्त. मी म्हटलं, असणारच. तू कशातच मला पुढे जाऊ दिलं नाहीस.

मग मी नीट बघितलं. थोडं खोल, आतल्या बाजूला, आणखी एक रेघ होती.

मी म्हटलं, "बाई, इथे तीन आहेत."

बाई चकत्यांची डबी आवरायला लागल्या.

"हिला मधे ताप आला होता का? तापावर हीच गोळी देतात ना?"

बाई म्हणाल्या, "दुसऱ्या माणसाच्या औषधांबद्दल मी बोलू शकत नाही. नियम आहे." आणि चष्मा डोक्यावर सरकवून हसल्या, त्या मार्चमधल्यासारख्याच.

मी म्हटलं, एवढं तरी सांगा, जी रेघ आत असते ती आधीची?

"आत असते ती आधीची," त्या म्हणाल्या. "हे कुठल्याही पुस्तकात आहे."

"किती आधीची?"

"या दोन रेघांमधे किती अंतर आहे बघा, ते बारा दिवसांचं. आता ती तिसरी किती खोल आहे बघा. डोळे तुमचे आहेत."

मी बघितलं. पुन्हा पुन्हा बघितलं. मला गणित कधीच जमलं नाही, पण एवढं जमलं. तू एप्रिलमध्ये दोनदा गोळ्या घेतल्यास. ही तिसरी रेघ त्याच्या दोनेक महिने आधीची. म्हणजे फेब्रुवारी. तुला ताप येत नाही, तुला कधी आलाच नाही, आपल्या घरात ताप यायचा तो मलाच. मुंगे, तू फेब्रुवारीतच गेली होतीस. वेळ नाही म्हणून कळवलंस आणि मुकाट्याने इस्पितळात जाऊन नाव घातलंस, पहिल्या तीन दिवसांच्या गोळ्या घेतल्यास, त्याही दुधाशिवाय. पुढच्या तीन दिवसांची वाट बघत बसली होतीस, बहुतेक एकदम इथे येऊन उभी राहून माझी जिरवायचा बेत असणार. आणि मग माझं ते पंचवीस तारखेचं पत्र आलं, आणि पाठोपाठ इस्पितळातून निरोप, की तुमच्या बहिणीने तुमचं नाव काढायला सांगितलंय.

तू वाकणार नाहीस, असं मी लिहिलं होतं. तेव्हा तू वाकून मोकळी झाली होतीस.

आणि बोलली नाहीस. एप्रिलमध्ये पुन्हा पहिल्यापासून सगळं केलंस आणि तरी बोलली नाहीस. चार दिवस माझ्या घरात राहिलीस, माझे चमचे लपवलेस, आणि एका शब्दाने बोलली नाहीस. बाईंना माहीत होतं, तुझ्या इस्पितळाला माहीत होतं, एक मीच तेवढी पत्रपेटी उघडत बसले होते. अगं, मला कधी कळू दिलं असतंस? कधीच नाही. तुझ्या हाडाने सांगितलं म्हणून कळलं. बाईंसमोर मी हसायला लागले ते थांबेचना, आणि मग रडायला लागले, आणि दोन्ही एकदमच चाललं होतं. त्यांनी पडदा उघडला आणि मला पाणी दिलं. म्हणाल्या, "आमच्या अभ्यासात ही रेघ मोजता येत नाही. पण मला ती फार आवडते."

आता मुद्द्याचं.

मी जन्मभर थोरली म्हणून मिरवले. आधी मी, मग तू. पहिला घास माझा, खिडकीची जागा माझी. कुणी कुणाकडे जायचं, या भांडणातही मला वाटायचं, थोरलीने का हलायचं? पण इथे आधी तू हललीस. पुरावा मी डोळ्यांनी बघितलाय, पिवळा आणि चमकणारा. तुझी रेघ माझ्या आधीची आहे. तेव्हा आता पाळी माझी.

मी घर आवरायला घेतलंय. वर्ग त्या पळणाऱ्या बाईंकडे सोपवला, त्यांना आता "पळू नका" म्हणायला शिकवतेय. शेजारच्या काकांना सांगितलं, तर म्हणाले, "म्हणजे शेवटी आलं का पत्र?" मी म्हटलं, आलं होतं हो, फेब्रुवारीतच आलं होतं, मला वाचायला उशीर झाला.

तुझ्या गावात पोहायला बादलीपलीकडे काही नाही, हे मला माहीत आहे. नसू दे. बाईंनी वजन उचलायला सांगितलंय आणि तुझ्याकडे वजनाला तोटा नाही. भट्टीवरची खोली झाडून ठेव. माझ्यासाठी एक पोतं बाजूला काढ, दहा किलोचं. मनगटाकडे बघता पाचाचं काढ. बरं, सुरुवातीला दोन, पण गिऱ्हाइकांसमोर हसायचं नाही.

सोमवारच्या बसने येते. घ्यायला येऊ नकोस, असं मी लिहिणार नाही. घ्यायला ये. आणि मैद्याने माखलेले हात न धुताच ये, मला तो वास हवाय.

तुझी धाकटी,
बेडकी